राईट मार्करची जागा

जर्मनीशी चाललेली लढाई संपून दुसरा उन्हाळा लागला तेव्हा माझी नेमणूक कोल्हापुरात होती. शाहूपुरीत, स्टेशनच्या रस्त्यावर, पलटणीतून सुटून आलेल्या शिपायांचे कागद बघणारी एक कचेरी होती. तिच्या गेटावर मी हवालदार. सकाळी सहाला हजेरी, दर दोन तासांनी पहारा बदली, संध्याकाळी सहाला कुलूप. समोर गुळाच्या अडती, त्यामुळे दिवसभर बैलगाड्यांची रांग आणि माशा. बसऱ्याला दोन उन्हाळे काढलेल्या माणसाला हे काम म्हणजे पाहुणचार होता. तरी तिथं मला एक दिवस स्वस्थ बसवलं नाही. मला खुर्ची दिली होती, तिच्यावर मी कधी टेकलो नाही. गेटाच्या या खांबापासून त्या खांबापर्यंत अकरा पावलं होती. दिवसभर मी तीच घालत असे.

कारण उघड होतं. कचेरीत हेलपाटे घालणारी माणसं माझीच होती.

मी दस्तगीर मुल्लाणी. गाव नृसिंहवाडीपासून कोसावर, नदीकाठी. आमच्या भागातून पलटणीत पुष्कळ पोरं गेली. मराठ्यांची जास्त, आमच्या मुसलमानांच्या चार-दोन घरांतली. बसऱ्याकडं माझ्या हाताखाली जी प्लाटून होती, तिच्यातली निम्मी माणसं आमच्या आसपासच्या गावांची. लढाई संपली आणि सगळे घरी आले. घरी मानमोडीच्या तापानं दर घरातलं कुणी ना कुणी नेलेलं, पाऊस दगा देऊन गेलेला, बाजारात शाळू दिसेनासा झालेला. धडधाकट होते ते कुणाच्या तरी रानात राबले. आजारी होते त्यांना कोण राबायला घेणार?

त्या आजाऱ्यांची गोष्ट माझ्यापासूनच सुरू होते, म्हणून आधी तेवढी सांगून टाकतो. जहाजात बसण्याआधी बसऱ्याच्या डेपोत एक क्लार्क प्रत्येकाला विचारायचा, काही दुखतंय का आणि कधीपासून. जो दुखतंय म्हणेल तो हॉस्पिटलच्या तंबूत जायचा आणि त्याचं जहाज चुकायचं. पुढचं जहाज कधी, कुणाला ठाऊक नाही. घरून मानमोडीची पत्रं येत होती. आदल्या संध्याकाळी मी प्लाटून फॉल इन केली आणि सांगितलं, "उद्या कुनी आजार सांगायचा न्हाई. इचारलं तर म्हनायचं, ठीक है साहेब. लईच खोदून इचारलं तर म्हनायचं, घरापासनंच हाय." सगळ्यांनी तसंच सांगितलं. माझा हुकूम कुणी मोडल्याचं मला आठवत नाही. सगळे एका जहाजानं घरी आले, आणि काही महिन्यांनी त्यातल्या आजाऱ्यांच्या कागदावर लिहून आलं: अनफिट, कारण नोकरीबाहेरचं. म्हणजे पेन्शन नाही, औषध नाही, काही नाही.

लान्सनाईक गोविंदा चौगुले त्यातलाच एक. माझ्या गावचा, माझ्या वयाचा. आमच्या दोन घरांमध्ये एक चिंचेचं झाड, तेवढंच अंतर. उंचीनं सगळ्या कंपनीत डोकं वर. बसऱ्यात दुसऱ्या उन्हाळ्यात त्याचे पाय सुजू लागले. नडगीवर बोट दाबलं की खळगा पडायचा आणि बराच वेळ तसाच राहायचा. पुढं पुढं त्याला दम लागायला लागला. लढाईआधी हा गडी बैलांच्या शर्यतीत गाडीबरोबर पळत जायचा, हे अख्ख्या गावानं बघितलेलं. आणि त्याच्या कागदावर काय, तर हे दुखणं घरूनच आणलेलं.

गोविंदा कंपनीचा राईट मार्कर होता. सिव्हिल लोकांसाठी सांगतो. परेडला आधी सगळे मैदानाच्या कडेला उभे असतात. हवालदार हुकूम देतो, "राईट मार्कर." मग एकच माणूस पुढं येतो, पंधरा पावलं, हॉल्ट. उजव्या टोकाची ती जागा त्याची. पुढचा हुकूम झाला की बाकीची कंपनी त्याच्या डावीकडं रांग धरते. तो वाकडा उभा राहिला तर सगळी कंपनी वाकडी. म्हणून मार्कर निवडताना फार बघतात. गोविंदा कधी वाकडा उभा राहिला नाही.

चैत्र संपत आला होता. एका सोमवारी सकाळी पावणेसहाला मी गेटावर पोहोचलो, तर रस्त्याच्या कडेला त्रेचाळीस माणसं उभी होती. जुनी खाकी, धुतलेली. पायांना पट्ट्या, कुणाच्या पायात बूट, कुणाच्या वहाणा. छातीवर बिल्ले. बसलेलं कुणी नाही. परेडला बसायचं नसतं.

हे त्यांचं तिसऱ्यांदा येणं. पलटणीत महिन्यातून एकदा दरबार भरायचा. कमांडिंग ऑफिसर समोर बसायचा आणि कुठलाही शिपाई उभा राहून आपलं गाऱ्हाणं सांगू शकायचा. अट एवढीच, की वर्दी स्वच्छ पाहिजे आणि रांग मोडायची नाही. आमच्या माणसांना सरकारकडं मागणं मागायची ही एकच रीत ठाऊक होती. तिच्यावर त्यांचा इतका भरवसा होता की दोन वेळा हाकलून लावल्यावर त्यांना वाटलं, आपली वर्दीच नीट नव्हती. म्हणून या खेपेला बटणं घासून आले होते.

त्यांच्या वतीनं बोलायला तुकाराम सुतार. त्याचा उजवा कोपर बसऱ्यात खंदकात पडून कायमचा आखडला होता, आणि डाव्या हातानं रंधा चालत नाही. तो तापट माणूस.

"हवालदार, सायबाला सांगा, मागनं येकच हाय," तुकाराम म्हणाला. "डाक्टर हितं आना आन आमास्नी बगा. पुन्याला जावा म्हंत्यात, पर हितं दाराफुडं जायाला दम लागतोय निम्म्यांस्नी. पुन्याला कसं जायाचं?"

"आनी बगितलं न्हाई तर?"

"तर म्हाराजांच्या गाडीम्होरं हुभं ऱ्हाऊ. त्ये थांबिवत्यात गाडी. कुनासाटनं बी थांबिवत्यात."

गोविंदा मागं होता, गुळाच्या एका अडतीच्या कट्ट्याला हात टेकून. मी जवळ गेलो. त्याचा चेहरा चिखलाच्या रंगाचा झाला होता.

"तू कशाला आलास?" मी विचारलं.

"मार्कर न्हाई तर फॉल इन कुनावर करायचं रं?" तो म्हणाला आणि हसला. हसताना त्याला खोकला आला.

अडतीच्या मालकानं न सांगता पाण्याच्या दोन घागरी बाहेर आणून ठेवल्या. आमच्या लोकांनी त्याच्या गाड्यांना वाट ठेवली होती, मोजून दोन गाड्या जातील एवढी. नऊ वाजेपर्यंत सगळं असंच चाललं होतं. मी मात्र या खांबापासून त्या खांबापर्यंत पावलं घालतच होतो.

नऊ वाजता कॅप्टनसाहेब आले. कचेरी त्यांच्याकडं होती. तरणा इंग्रज. बसऱ्याला त्यांचाही एक भाऊ मारला गेला होता, हे त्यांच्या ऑर्डर्लीनं मला सांगितलं होतं. वाईट माणूस होता असं मी म्हणणार नाही. पण दुसऱ्या दिवशी मुंबईकडून एक मोठे साहेब रेल्वेनं येणार होते आणि स्टेशनवरून त्यांची गाडी याच रस्त्यानं जाणार होती. त्या दिवशी कॅप्टनसाहेबांना दुसरं काही सुचत नव्हतं.

"ये क्या है, हवालदार? जुलूस?"

"नहीं साहेब. परेड है."

त्यांनी माझ्याकडं बघितलं. मी थट्टा करतोय का ते त्यांना कळेना. मग मला आत बोलावलं, दार लावलं आणि म्हणाले, मिरजेला डॉक्टरांचा बोर्ड बसलाय. मालगाडीला एक डबा जोडायला सांगितलाय. दहा वाजून दहा मिनिटांनी सुटेल. यांना तिकडं घेऊन जा, तिथं सगळ्यांची तपासणी होईल. नाहीतर पोलीस बोलावतो, लाठी चालेल, आणि मग मला दोष देऊ नकोस.

मिरजेला बोर्ड बसला असता तर त्याची तार माझ्याच गेटातून आत गेली असती. तार मी बघितली नव्हती. एवढं मला त्या वेळीही कळत होतं. मी विचारायला पाहिजे होतं, "साहेब, तार कुठाय?" तीन शब्द. मी विचारलं नाही. खरं सांगायचं तर मला ते पटून घ्यायचं होतं. डॉक्टर मिळतोय, लाठी टळतेय, माझी नेमणूक राहतेय.

"दे विल ओबे यू," साहेब म्हणाले. ते मात्र खरं होतं.

नऊ चाळीसला मी गेटाबाहेर आलो. तुकाराम पुढं आला. "काय म्हनला सायेब?"

"मिरजंला बोर्ड बसलाय. डबा जोडलाय. मी बी येतो."

"खरं?"

"मी सांगतो म्हनून चला."

तुकारामानं मागं वळून बघितलं. मागं कुजबुज सुरू झाली. कुणी म्हणालं, जागा सोडायची न्हाई. कुणी म्हणालं, कागुद दाखवा म्हनावं. अजून मिनिटभर गेलं असतं तर त्यांनी मला तो प्रश्न विचारला असता, जो मी साहेबांना विचारला नव्हता. मी ते मिनिट त्यांना दिलं नाही. टाचा जुळवल्या आणि परेडच्या आवाजात हुकूम दिला.

"राईट मार्कर."

गोविंदानं कट्टा सोडला. पंधरा पावलं आला. प्रत्येक पाऊल बरोबर. हॉल्ट. छाती पुढं, नजर समोर. त्याला बघून कुजबुज थांबली. मी "फॉल इन" म्हटलं आणि बेचाळीस माणसं त्याच्या डावीकडं उभी राहिली, तुकारामसुद्धा. त्याचा आखडलेला हातही त्यानं विजारीच्या शिवणीला लावायचा प्रयत्न केला. राईट टर्न. क्विक मार्च. शाहूपुरीच्या अडतींत माणसं गुळाच्या ढेपा खाली ठेवून बघत राहिली. स्टेशनपर्यंत एकाचंही पाऊल चुकलं नाही. त्या दिवशीइतकी चांगली परेड मी आयुष्यात घेतली नाही, आणि त्याची मला आजही लाज वाटते.

डबा मालाचा होता. वर पत्रा, आत गुळाचा चिकट वास. गार्डनं दार ओढून घेतलं, वीतभर फट ठेवली. गाडी सुटली तेव्हा दहा पंचवीस झाले होते. गोविंदाला आम्ही फटीजवळ बसवलं. रुकडी स्टेशन गेल्यावर त्याचा श्वास मला चाकांच्या आवाजातही ऐकू येऊ लागला.

"दस्तगीर," तो म्हणाला, "डाक्टरला म्या काय सांगू? आदी घरापासनं म्हनलोय. आता बदललं तर लबाड म्हनंल की."

"तू काय बी बोलू नगंस. मी सांगतो. मीच म्हनायला लावलं हुतं तुमास्नी."

"सांगशील न्हवं?"

"सांगतो की."

"मग झालं," तो म्हणाला आणि डोळे मिटले. इतक्या सहज त्याचं समाधान झालं. माझी तगमग थांबेना. हातकणंगले, जयसिंगपूर, मग कृष्णेचा पूल. प्रत्येक स्टेशनला मी फटीतून डोकं काढून बघत होतो. काय बघत होतो, मला ठाऊक नाही.

बारा पन्नासला मिरज. प्लॅटफॉर्मवर मी माणसं फॉल इन केली. गोविंदा पुन्हा आपल्या जागी. एक पोलीस जमादार चार शिपाई घेऊन आला. त्याच्या हातात तार होती. तार होती, पण ही.

"कसला बोर्ड?" तो म्हणाला. "मला एवढंच सांगितलंय, की ही माणसं उतरवून घ्यायची आणि आपापल्या गावाला लावून द्यायची. कोल्हापूर शहरात पाय ठेवला तर पकडणार."

मिरज दुसऱ्या संस्थानात. आमची माणसं रातोरात नव्हे, दिवसाढवळ्या, स्वतःच्या पायांनी पावलं जुळवत हद्दीबाहेर टाकली गेली होती. आणि हे माझ्या हुकमानं झालं होतं.

तुकारामानं रांगेतूनच विचारलं, "हवालदार, तुमास्नी ठावं हुतं?"

"ठावं न्हवतं," मी म्हणालो. "पर मी इचारलं बी न्हवतं."

तुकारामानं मला मारलं असतं तर बरं झालं असतं. त्यानं छातीवरचा बिल्ला काढून खिशात घातला आणि हुकूम नसताना रांगेतून बाहेर पडला. मग दुसरा. मग पाच-सहा एकदम. माझ्या प्लाटूनमध्ये असं कधी झालं नव्हतं. तोफांखाली नव्हतं झालं. प्लॅटफॉर्म रिकामा होत गेला, आणि शेवटी उजव्या टोकाला एकटा गोविंदा उरला, अटेन्शनमध्ये.

"चल," मी म्हणालो.

"डिसमिस दे की. बिनहुकमाचं कसं जायाचं?"

मी डिसमिस दिलं नाही. कोणत्या तोंडानं मी त्याला आणखी एक हुकूम देणार होतो? मी त्याचा हात माझ्या खांद्यावर घेतला आणि बाहेर चालू लागलो. तो आला, पण त्याला ते आवडलं नाही. वर्दीत असं जाणं त्याला कधीच आवडायचं नाही.

स्टेशनबाहेर नृसिंहवाडीकडं जाणारी एक रिकामी गाडी मिळाली. गाडीवान म्हातारा होता. त्यानं गोविंदाकडं बघितलं आणि काही न विचारता बसा म्हणाला. तुकाराम आणि आमच्याच बाजूचे आणखी तिघं मागून चालत होते. ऊन रणरणत होतं. अर्ध्या वाटेवर तुकारामानं आपला फेटा सोडला आणि गोविंदाच्या तोंडावर सावलीला धरला, शेवटपर्यंत, एका हातानं.

सहा वाजता नदीवर आलो. पलीकडं वाडीचा घाट, नाव पलीकडच्या काठाला. तुकारामानं हाक मारली. नावाडी हात वर करून थांबा म्हणाला, त्याला माणसं भरायची होती. आम्ही गोविंदाला बाभळीखाली निजवलं. मी त्याच्या पायाच्या पट्ट्या सोडल्या. पाय खांबासारखे झाले होते. देवळातल्या घंटा ऐकू यायला लागल्या.

"घर आलं की," तो म्हणाला.

"आलंच. नाव यायाला लागली बग."

"सुंदराला सांग, कागुद खिशात हाय. भिजू दिऊ नगं म्हनावं."

सुंदरा त्याची बायको. तो आणखी काहीतरी म्हणणार होता. नाव मध्यावर आली तेव्हा त्याचा श्वास थांबला. मी छातीला कान लावला, मग तुकारामानं लावला. बसऱ्यात मी पुष्कळ माणसं जाताना बघितली होती आणि डोळ्यांतून पाणी काढलं नव्हतं. त्या काठावर मी मोठ्यानं रडलो, पोरासारखा. तुकाराम मला गप्प राहा म्हणाला नाही. नावाड्यानं पैसे घेतले नाहीत.

सुंदरा रडली नंतर. आधी तिनं त्याच्या खिशातून कागद काढला, पदराला पुसला आणि मला विचारलं, "भावजी, डाक्टरनं बगितलं का त्येनला?"

मी नाही म्हणालो.

तिसऱ्या दिवशी सकाळी सहाला मी गेटावर हजर झालो. कॅप्टनसाहेबांना रिपोर्ट दिला. "एक आदमी मर गया, साहेब."

"कैसे?"

"परेड पर."

त्यांनी पेन्सिल उचलून कागदावर तारीख घातली. मग म्हणाले, जाओ. मोठे साहेब आदल्या दिवशी येऊन गेले होते. रस्ता मोकळा होता.

पुढं काय आणि कसं हललं, मला सांगता येणार नाही. बेचाळीस माणसं गावोगाव गेली होती आणि प्रत्येकाला तोंड होतं. वाडीला रोज चहूकडचे लोक येतात, त्यांच्या कानावर गेलं. कुणी कुणाला सांगितलं, कुणी कुठं शब्द टाकला, ठाऊक नाही. दीड महिन्यानं कचेरीत खरोखरची तार आली. ती मी स्वतः गेटातून आत नेली. पुण्याहून डॉक्टर येणार होते. कोल्हापुरातच, याच गेटात, दोन दिवस.

त्या दिवशी बेचाळीस जण आले. खाकी एकाच्याही अंगावर नव्हती. धोतरं, बंड्या, फेटे. विखरून उभे होते, कुणी कट्ट्यावर बसलं होतं, कुणी बिडी ओढत होतं. भिंतीपाशी सुंदरा उभी होती, हातात कागद. डॉक्टर मराठी होते, पन्नाशीचे, कामाची घाई असलेले. मला म्हणाले, "हवालदार, यांना रांगेत घ्या."

हुकूम हुकूम असतो. सवयीनं तोंडून निघून गेलं.

"राईट मार्कर."

कुणी हललं नाही. अडतीसमोरच्या बैलांच्या घुंगरांचा आवाज तेवढा येत होता. मग तुकारामानं बिडी विझवली. चालत आला आणि जिथं मार्कर उभा राहतो तिथं नाही, त्या जागेच्या लगेच डावीकडं उभा राहिला. बाकीचे त्याच्या डावीकडं येत गेले. फॉल इनचा हुकूम मी दिलाच नव्हता. बेचाळीस जणांची रांग झाली, आणि उजव्या टोकाला एका माणसाची जागा रिकामी.

डॉक्टरांनी चष्म्यावरून बघितलं. "इथं कोण आहे?"

"लान्सनाईक गोविंदा चौगुले," मी म्हणालो.

"कुठंय?"

"वारला, साहेब. ह्याच कामात."

सुंदरा पुढं आली आणि तिनं कागद टेबलावर ठेवला. डॉक्टरांनी तो वाचला आणि परत केला. आवाज चढवला नाही. "बाई, मेलेला माणूस मला तपासता येत नाही."

ती तिथून हलली नाही. तिनं माझ्याकडं बघितलं. "भावजी, तुमी सांगनार हुता म्हनं. वाटंत कबूल केलं हुतं न्हवं तुमी?"

तिला हे तुकारामानं सांगितलं असणार. तो डब्यात शेजारीच होता.

कॅप्टनसाहेब दारात येऊन उभे राहिले होते. मी गेटाचा खांब सोडला, टेबलासमोर जाऊन अटेन्शनमध्ये उभा राहिलो. "साहेब, मला लिहून घ्या. मी त्याचा हवालदार. त्याचे पाय बसऱ्यात सुजले. दुसऱ्या उन्हाळ्यात, चिखलात तीन दिवस पिकेटवर, पुढच्या चौकीवर, उभा होता त्यानंतर. मी डोळ्यांनी बघितलंय. डेपोत त्यानं घरापासनं आहे म्हणून सांगितलं, ते माझ्या हुकमावरून. ह्या सगळ्यांनी माझ्या हुकमावरून सांगितलं."

"का?"

"घरी यायचं होतं, साहेब."

डॉक्टर लिहीत होते. मी थांबलो नाही. थांबलो असतो तर पुन्हा तोंड उघडलं नसतं. "आणि तो वारला तोही माझ्या हुकमाखाली. मिरजेला बोर्ड आहे असं मला सांगण्यात आलं, मी त्यांना सांगितलं. तिथं बोर्ड नव्हता. तो शेवटपर्यंत परेडवर होता. मी त्याला डिसमिस दिलं नव्हतं."

कॅप्टनसाहेब आत निघून गेले. डॉक्टरांनी लेखणी खाली ठेवली. "परेडचं जे सांगता ते कायद्यात बसत नाही, हवालदार. ते मी लिहू शकत नाही." मग पुन्हा उचलली. "पिकेटचं बसतं. सही करा."

मी सही केली. त्या दोन दिवसांत त्यांनी सगळ्यांना तपासलं, प्रत्येकाच्या वेळी मी शेजारी उभा राहून कुणाला कधी, कुठं, काय झालं ते सांगितलं. काहींचे कागद बदलले, काहींचे नाही. तुकारामाचा बदलला. सुंदराचा कागद दिवाळीनंतर आला. त्यावर एकच शब्द खोडून वर दुसरा लिहिला होता: नोकरीतलं. ती तो घेऊन माझ्या घरी आली. मी घरीच होतो. गेटावरची माझी नेमणूक केव्हाच संपवली होती आणि कारण कुणी सांगितलं नव्हतं. मी विचारलंही नाही. त्या खेपेला मला कारण ठाऊक होतं.

पुढं सरकारनं आमच्या गावाला एक दगड पाठवला. चावडीच्या भिंतीत बसवलाय. ह्या गावातून लढाईवर इतके गेले, त्यातले इतके मेले, एवढंच त्यावर कोरलंय, नावं नाहीत. गोविंदा पहिल्या आकड्यात आहे, दुसऱ्यात नाही. मी अर्ज केला होता. उत्तर आलं, की लढाई संपल्यावर मेलेले धरत नाहीत.

दरवर्षी चैत्राच्या शेवटी तुकाराम आमच्या गावाला येतो. आता दोघंही म्हातारे झालोय. चावडीसमोर आम्ही उभे राहतो, तो आपल्या उजव्या हाताला एका माणसाची, मार्करची, जागा सोडून. मी समोर. पोरंटोरं हसतात, हसू देत. पाचेक मिनिटं झाली की तुकारामाचे गुडघे दुखायला लागतात आणि तो म्हणतो, "हवालदार, डिसमिस द्या. घरी जायाचं हाय."

मी डिसमिस म्हणतो. तुकारामाचं नाव घेऊन म्हणतो. गोविंदाला मी अजून दिलेलं नाही.